गावंडे दाल मिलची तब्येत

पुण्याला गेलेला माणूस येताना बाकरवडी आणतो. कुलदीपभाऊ गावंडे एक वाक्य घेऊन आले.

अकोल्याच्या एमआयडीसीत गावंड्यांची तुरीची दाल मिल आहे. वडील पंजाबरावांनी ती उभी केली, कुलदीपभाऊंनी तिला काचेची केबिन बसवली. त्या केबिनपर्यंत जायचाही दम त्या दिवशी त्यांना निघाला नाही. गाडीचं दार उघडं, एक पाय गाडीत, एक पाय धुळीत, अशा अवस्थेत त्यांनी ते वाक्य हजेरीबाबू सुगत इंगळे यांच्या पदरात टाकलं.

“सुगतबाबू, कामगाराच्या तब्येतीवर एक रुपया लावला, का मालकाले तीन रुपये वापस येतात. परिसंवादात सांगितलं. तक्ता दाखवला.”

सुगतबाबूंनी मान डोलावली. बावीस वर्षं ते मान डोलावत आले होते. अंगाला ठाऊक असलेला व्यायाम म्हणावा तर तेवढाच.

“मानूस बिमार पडत नाही, म्हनून सुट्टी मारत नाही, म्हनून माल टायमावर जाते. समजलं?”

“समजलं, साहेब.”

“मंग हे खातं तुमच्याकडं. चार महिने. मे संपता संपता मले तीन रुपये कागदावर दाखवा. नाई दिसले, तं हजेरीले चेहरा पाहनारी मशीन घेऊन टाकू, अन् तुमी अचलपूरचं गोदाम सांभाळा.”

बोलणं हसत हसतच झालं. पण मालकाचं हसणं आणि मार्चातलं आभाळ, दोन्हींच्या भरवशावर पापड वाळत घालू नयेत.

अचलपूरच्या गोदामात तूर, उंदीर आणि एक चौकीदार राहत. त्यातला बोलता येणारा तेवढा चौकीदार, आणि त्याला ऐकू येत नव्हतं. एसटीनं जायला अडीच तास, यायला अडीच. बायको दीक्षा अकोल्यात महापालिकेच्या दवाखान्यात नर्स, म्हणजे तिकडे बिऱ्हाड नेण्याचा प्रश्नच नव्हता. पण खरं सांगायचं तर सुगतबाबूंचा जीव अडकला होता तो हजेरीपटात. लांबोळकं, कापडी पाठीचं रजिस्टर. हजर माणूस निळ्या शाईत, गैरहजर लाल. त्या लाल ठिपक्यांवरून त्यांना माणसाचं घर वाचता येई. ओळीनं चार लाल म्हणजे लग्न. तेरा लाल म्हणजे घरातलं कुणी गेलं. दर महिन्याच्या आठ तारखेला एक लाल म्हणजे सात तारखेचा पगार जिथं जायचा तिथं गेला. मशीनला चेहरा दिसला असता. घर कुठून दिसणार?

तर पुण्याच्या एका संस्थेशी करार झाला. एक लाख शहाऐंशी हजार रुपये. त्यात मनगटावर बांधून पावलं मोजणारे सव्वीस पट्टे, मोबाइलवरचं एक ॲप, दोन व्याख्यानं, आठवड्यातून एक योगवर्ग, बोलणारा वजनकाटा आणि पौर्णिमा मॅडम. पट्टे सव्वीसच, कारण मिलमध्ये कायम नोकर सव्वीस. मागच्या शेडमध्ये डाळ निवडणाऱ्या चाळीस बाया रोजंदारीच्या. त्यांना तब्येत नसते असं नाही. कागदावर नसते, इतकंच.

उद्घाटनाला मॅडम स्वतः येणार म्हटल्यावर फाटकाजवळच्या बाजेवर बसलेल्या पंजाबरावांनी तोंडातला तुरीचा दाणा या गालातून त्या गालात सरकवला. म्हातारा दिवसभर दाणे चावून त्यातली ओल सांगत असे. यंत्रापेक्षा अर्धा टक्का जास्त अचूक.

“सुगत, पुन्याची बाई येऊन राह्यली. तिले जा लागलं, तं कुठं जाईन थे?”

प्रश्न शास्त्रशुद्ध होता. ऑफिसातलं एकच, आणि ते पुरुषांचं. मागे बायांच्या शेडपलीकडे एक होतं, पण त्याचं दार नावापुरतंच दार होतं. मग दोन दिवसांत नवं पत्र्याचं दार बसलं, आतून कडी, एक नळ, वर टाकी, आणि टाकीत ओतायला टँकर. टँकर सोडून आठ हजार आठशे चाळीस रुपये. कोणत्या खात्यात टाकायचे, हा पेच पडला. सुगतबाबूंनी बराच विचार करून लिहिलं: पाहुणचार.

मॅडम आल्या, दोन तास बोलल्या, एक कप बिनसाखरेचा चहा प्यायल्या आणि थेट हॉटेलवर गेल्या. पाहुणचार तसाच राहिला, आणि बंद करा असं कुणी न सांगितल्यानं टँकरही येत राहिला.

जाण्याआधी मात्र त्यांनी अनर्थ करून ठेवला. “योजनाप्रमुखांनी पहिलं पाऊल टाकायचं, सर,” असं म्हणून सुगतबाबूंना सगळ्यांदेखत बोलणाऱ्या काट्यावर उभं केलं. काट्याच्या आतली बाई अत्यंत स्पष्ट हिंदीत, रेल्वे स्टेशनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आपका वज़न, चौरानवे किलो, चार सौ ग्राम.” मागच्या शेडमधलं निवडणं थांबलं. मग चाळीस बायांचं हसू डाळ सांडावी तसं सांडलं.

दुसऱ्या दिवशी त्याची ओवी झाली होती. निवडणाऱ्या बायांचे हात सुपात असतात आणि गळा मोकळा असतो. मिलच्या घरघरीखालून वाहणारा तो एक वेगळा झरा होता, आणि सुगतबाबू जमेल तेव्हा काठावर उभे राहून ऐकत. त्या दिवशी झरा त्यांच्याच अंगावर आला. गोदाबाई ही शेडमधली सगळ्यांत जुनी बाई. तिनं सुरू केलं आणि बाकीच्यांनी उचललं:

पहाटेच्या पारी, बाई, बाबू चाले लगालगा
घडी मोजते पावलं, पोट जागच्या जागा

“गोदाबाई, चाल चांगली आहे,” सुगतबाबू मानभावीपणानं म्हणाले.

“तुमची का माही, बाबू?” गोदाबाईनं मान वर न करता विचारलं.

तर चालणं. रोज दहा हजार पावलं. आता वऱ्हाडात माणूस चालतो तो शेतात जायला, मयतीला जायला किंवा एसटी चुकली म्हणून. कारण नसताना, हातात काही नसताना, त्याच चौकातून तिसऱ्यांदा जाणाऱ्या इसमाकडे लोक सहानुभूतीनं बघतात. शेजारचे डोमाजी, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, पाचव्या दिवशी फाटकात वाट अडवूनच उभे राहिले.

“सुगतभाऊ, रिपोर्ट काय आला?”

“कायचा रिपोर्ट?”

“लपवू नोका. बत्तीस वर्षं गाडीत मानसं पाह्यले मी. बिनाकामाचा कोनी चालत नाही. शुगर का हार्ट?”

“डोमाजी, कंपनीची योजना आहे हे. तब्येत चांगली राहावी म्हणून—”

“म्हंजे शुगर,” डोमाजींनी तिकीट फाडलं. “हे पाहा. सकाळी कारल्याचा रस. दुपारी मेथ्या. अन् चालाचं तं उलटं चाला. सरळ चालल्यानं साखर पायात उतरते.”

डोमाजींच्या घरी माणिकबाई होत्या. माणिकबाईंना एखादी गोष्ट कळली की ती अकोल्यात मावत नसे. रविवारी अमरावतीहून मेहुणा धम्मदीप सहकुटुंब आला. पिशवीत संत्री, चेहऱ्यावर दवाखान्यातली शांतता.

“जय भीम, भाऊजी. बारीक दिसून राह्यले.”

“मी चौऱ्याण्णव किलो आहे रे, बापा.”

“सुरुवातीले समजत नाही,” धम्मदीप हळूच दीक्षाला म्हणाला.

भेटायला आलेल्यांना जेवू घातल्याशिवाय पाठवायचं नाही, आणि आजारी माणसासाठी आलेल्यांनी हातचं काही आणल्याशिवाय यायचं नाही, अशी दुहेरी रीत आहे. तिच्या दोन पात्यांमध्ये सुगतबाबू सापडले. दर रविवारी कुणीतरी येई. वांग्याची भाजी आणि रोडगे, तुपात बुडवलेले. “खा, भाऊजी. अंगात ताकद पायजे.” दीक्षा नर्स. तिला सगळं कळत होतं, पण तिला हसू आवरत नव्हतं. मार्च संपताना काट्यातल्या बाईनं शहाण्णव किलोंची घोषणा केली. सुगतबाबू त्या काट्यावर नंतर बूट काढून, पाकीट काढून, एकदा श्वास रोखूनही उभे राहिले. बाईच्या मतात फरक पडला नाही.

एवढ्यात आनंदाची बातमी आली, आणि इथंच घोळ झाला. ॲपवर फटाके उडाले. गावंडे दाल मिलचा कर्मचारी शालिकराम हा संस्थेच्या यादीतल्या सगळ्या कारखान्यांत पहिला. एका दिवसात एक लाख नव्वद हजार पावलं! कुलदीपभाऊंनी पेढे मागवले. मॅडमनी पुण्याहून मोबाइलवर चेहरा दाखवून अभिनंदन केलं. बक्षिसाचा प्रेशर कुकर शालिकरामला द्यायला सुगतबाबू स्वतः मशीनवर गेले. शालिकराम स्टुलावर बसून तंबाखू मळत होता. त्याचं मनगट मोकळं होतं.

“पट्टा कुठं आहे रे तुझा?”

शालिकरामनं हनुवटीनं दाखवलं. समोर डाळीचा चाळणा थडथड करत, मिनिटाला शेकड्यानं हिसके देत होता. त्याच्या लोखंडी दांड्याला तो काळा पट्टा नीट, प्रेमानं बांधलेला.

“बाबू, मले उभं राहाले लावता मशीनपाशी, अन् चालाले बी लावता. दोन्ही कसं जमन? म्हनलं, आमच्या दोघातून जो चालते, त्याच्या हाताले बांधू.”

सुगतबाबूंनी कुकर देऊन टाकला. तो परत नेला असता तर कारण लिहावं लागलं असतं, आणि त्या कारणाला कोणतंच खातं नव्हतं. तीन रुपयांच्या शोधात निघालेल्या माणसाला अशा वेळी चाळणा दिसू नये, असं मनाला वाटतं. त्यांनी तो पाहिला नाही, असं त्यांनी ठरवलं. हे त्यांना शोभलं नाही, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

एप्रिलात अकोला तापलं. डांबर बुटाला धरू लागलं. सुगतबाबू हजेरीपट मांडीवर घेऊन तीन रुपये शोधायला बसले. कायम नोकरांच्या पानांवर आजारपणाच्या सुट्ट्या गेल्या वर्षी याच दिवसांत अठ्ठावन्न. यंदा बासष्ट. चार वाढलेल्या. चारही शालिकरामच्या, कारण पहिल्याच योगवर्गात तो वाकला तो चौथ्या दिवशी सरळ झाला. अचलपूरचा चौकीदार सुगतबाबूंच्या डोळ्यांपुढे येऊन बहिऱ्या माणसासारखा गोड हसला.

उदास होऊन त्यांनी पान उलटलं, आणि बोट थबकलं. बायांचं पान निळं होतं. उन्हाळ्यात ते पान लालेलाल असे, गोवर आल्यासारखं. ऊन लागलं, ताप आला, अंग दुखते, आज नाही येत. यंदा चाळीस ओळींत लाल शोधावा लागत होता. त्यांनी गेल्या सालचं रजिस्टर काढलं, मोजलं, पुन्हा मोजलं. ज्यांना पट्टा नाही, योग नाही, व्याख्यान नाही, काट्यातली बाईसुद्धा ज्यांच्याशी बोलली नाही, त्या बाया ठणठणीत!

ते शेडमध्ये गेले. खाकरले.

“गोदाबाई, यंदा बाया सुट्ट्या काहून घेऊन नाही राहिल्या?”

सुपं थांबली. मग फिस्सकन एक हसू, त्यामागे दुसरं.

“आयका वं बायांनो! सुट्टी घेतली तं बाबू लाल शाई काढते. नाई घेतली तं इचारपूस. बाईनं जगावं तरी कसं?”

“तसं नाही, गोदाबाई. मला कारण पाहिजे. अहवालात लिहायचं आहे.”

गोदाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात चेष्टा होती आणि चेष्टेखाली काही दुसरं. “लिवन्यासारखं हाय, पन तुमाले सांगन्यासारखं नाई. तुमच्या बाईले पाठवा एक दिवस.”

दीक्षा आपल्या सुट्टीच्या दिवशी रक्तदाब मोजायचं यंत्र पिशवीत घालून गेली. बोलणं दहा मिनिटांत झालं, चहाला तासभर लागला. घरी आल्यावर चप्पल काढून ती पाणी प्यायली, आणि नवऱ्याच्या समोर बसली.

“तुमी तिथं बावीस वर्षं आहा नं?”

“हो.”

“थ्या मागच्या संडासाच्या दाराले कडी कुठून होती? जुन्या दाराले.”

“बाहेरून. बकऱ्या घुसत होत्या म्हणून.”

“अन् आतून?”

“आतून कायले...” सुगतबाबू म्हणाले, आणि वाक्य तिथंच बसलं.

“एकीले जायचं असलं का दुसरीनं दार धरून उभं राहाचं. मुकादम वरडे, दोघी काहून उठल्या? म्हनून बाया जातच नव्हत्या. जायचं नाही, तं पानी प्यायचं नाही. सकाळी आठपासून सहापर्यंत घोटभर पानी, अन् बाहेर पंचेचाळीस. मंग लघवीची आग, कंबर, ताप. माह्या दवाखान्यात येत होत्या नं त्यातल्या चार-पाच! मी गोळ्या देत होती अन् म्हनत होती, मावशी, पानी भरपूर प्या. हो म्हनत अन् जात. यंदा तुमी आतून कडी लावली, नळ बसवला. प्याल्या पानी. झालं.”

सुगतबाबूंनी समोरचा पाण्याचा तांब्या उगाच जरा बाजूला सरकवला.

“अन् एक सांगू? त्यायनं लपवलं नव्हतं. चार साल गानं म्हनून राह्यल्या होत्या.” दीक्षानं ते म्हणून दाखवलं, गोदाबाईच्या चालीत:

माठ भरला गार, बाई, तोंड लावाले भेव
दाराले नाही कडी, लाज राखे कोन्ता देव

“गोदाबाई म्हने, बाबू येत, उभे राहून पुरं आयकत, अन् म्हनत, चाल चांगली आहे.”

त्या दिवशी सुगतबाबूंनी दुसरी भाकर घेतली नाही. चार महिन्यांत योजनेचा त्यांच्या प्रकृतीवर झालेला हा पहिला परिणाम.

मेच्या शेवटच्या शनिवारी काचेच्या केबिनमध्ये बैठक भरली. पौर्णिमा मॅडम पुण्याहून आल्या होत्या. पंजाबरावांना बाजेवरून उठवून आणलं होतं. पडद्यावर रंगीत खांब उभे राहिले. मॅडमनी सगळ्या हजेरीची एकत्र सरासरी काढली होती, त्यात बायांची निळाई आली होती, चाळण्याची पावलं आली होती, आणि उत्तर आलं होतं: एका रुपयाचे तीन रुपये वीस पैसे.

“अभिनंदन, सर. चालण्याची संस्कृती पट्टे नसलेल्यांपर्यंतही झिरपली आहे.”

कुलदीपभाऊंनी खुर्चीतच अर्धी गिरकी घेतली. “सुगतबाबू, वाचले तुमी! चेहऱ्याची मशीन कॅन्सल. आता असं करू, पुढच्या सालचा करार मोठा करू. तीन लाखाचा. खर्चाची काटछाट कुठं तरी करा लागन... हा टँकर कायचा आहे? मागच्या संडासाचा? थो तं मॅडमसाठी होता. मॅडम आता मोबाइलवरच येनार. पाहुनचार बंद. सोमवारपासून टँकर बंद करा, अन् त्याले कुलूप लावून टाका.”

सुगतबाबूंची मान डोलायला निघाली. खरोखर निघाली. बावीस वर्षांची सवय, ती काही विचारून निघत नाही. खुर्ची वाचली होती, अकोला वाचलं होतं, रजिस्टर वाचलं होतं. फक्त गप्प बसायचं काम होतं, आणि त्या कामात मिलमध्ये त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण मान अर्ध्यावर अडली. काचेपलीकडून मिलची घरघर येत होती, आणि घरघरीखालचं ते गाणं इथवर पोचत नव्हतं. केबिन चांगली बसवली होती.

“साहेब, एका रुपयाचे तीन झाले, खरं आहे,” ते म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण ओळखीचा वाटला नाही. “पन तुमच्या रुपयाचे नाही झाले.”

“म्हंजे?”

मग सुगतबाबूंनी सांगितलं. घाम पुसत, अडखळत, “ते” आणि “तिकडे” आणि “त्या कारणासाठी” अशा शब्दांच्या आडोशानं सांगितलं. मॅडम लिहायचं थांबल्या. कुलदीपभाऊंचे कान लाल झाले. पंजाबरावांनी तोंडातला दाणा चावायचं सोडलं.

“दाराले, नळाले, टाकीले किती लागले रे, सुगत?”

“आठ हजार आठशे चाळीस, दादाजी. टँकरचे चार महिन्यांत चार हजार. बारा हजार आठशे चाळीस.”

“अन् आले किती?”

“गेल्या साली या चार महिन्यांत बायांचे खाडे चारशे बारा. यंदा एकशे एकाहत्तर. दोनशे एकेचाळीस दिवस वाचले. एक बाई नाही आली तं माल थांबते, दुसऱ्या दिवशी जादा वेळ द्यावा लागते. दिवसाला दोनशे धरा. अठ्ठेचाळीस हजार दोनशे. म्हणजे एका रुपयाचे पावणेचार.”

“अन् हे एक लाख शहाऐंशी हजार? याचं काय आलं?” म्हातारा पडद्याकडे बोट करून म्हणाला.

सुगतबाबूंनी डोळे मिटले. खड्ड्यात उडी घ्यायची तर पूर्ण घ्यावी. “याचं एकच खरं आहे, दादाजी. आपला चाळणा तंदुरुस्त आहे.”

आणि पट्ट्याची हकिगतही त्यांनी सांगून टाकली. कुकरसुद्धा.

पंजाबरावांचं हसू पोटातून वर येताना सगळ्या केबिनला ऐकू आलं. ते हसले, खोकले, पुन्हा हसले, मग एकाएकी थांबले. “मी चाळीस साल दाने चावून राह्यलो,” ते म्हणाले. “कोन्त्या दान्यात किती पानी, सांगतो. अन् मानसातलं पानी नाही पाह्यलं, बाप्पा.” मग मुलाकडे न बघता म्हणाले, “कुलदीप, टँकर चालू राहीन. एक दार अजून लागन. चाळीस बायांले एक पुरत नाही. सुगत इथंच राहीन.”

कुलदीपभाऊ भला माणूस. फिरती खुर्ची सरळ करून ते घोटभर पाणी प्यायले, आणि ग्लासाकडे बघत राहिले. “तीन लाखाचं राहू द्या, मॅडम,” ते म्हणाले.

पौर्णिमा मॅडमही कच्च्या नव्हत्या. करार गेला याचं दुःख त्यांनी पाच मिनिटं केलं असेल. मग त्या म्हणाल्या, “सर, मला हे लिहू द्या. माझ्या नऊ वर्षांतला हा पहिला हिशोब आहे, जो मला कळला.” आणि मागे जाऊन त्यांनी फोटो काढला. नको नको म्हणणाऱ्या सुगतबाबूंना उघड्या दाराशी उभं केलं, एक हात कडीवर ठेवायला लावला. “हसा ना, सर.” सुगतबाबू हसले. वजनकाट्यावर उभा असलेला माणूस हसतो, तसे.

आठ दिवसांनी तो फोटो स्थानिक पेपरात आला. तीन कॉलम. सुगत पांडुरंग इंगळे यांचं नाव छापून येण्याची ही आयुष्यातली पहिली वेळ होती, मॅट्रिकच्या निकालातही फक्त नंबर होता. पेपर हातात घेऊन डोमाजी फाटकात आले.

“सुगतभाऊ, पेपरात आले तुमी. पन कुठं आले हो!” मग मजकूर सबंध वाचून, चष्मा काढून, जरा गंभीर होत म्हणाले, “आमच्या एसटीत बायका कंडक्टर लागल्या, तवा हे कोनी इचारलं नाही.” आणि कारल्याच्या रसाविषयी काहीच न बोलता गेले. अमरावतीहून धम्मदीपनं नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं: भाऊजी आता बरे आहेत.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये पाऊल टाकताच गोदाबाई सामोरी आली. डोक्यावरचा पदर सावरला, इकडेतिकडे पाहिलं.

“बाबू, एक अडचन झाली.”

“काय झालं? पाणी गेलं?”

“पानी हाय. तुमचा फोटो बायांनी कापला पेपरातून. म्हनलं, बाबूनं आमच्यासाठी तोंड उघडलं, त्याचा मान राखावा. लई निगुतीनं, खळ लावून, दाराले चिकटवला. आतून.”

“आतून?” सुगतबाबूंनी विचारलं.

“व्हय. अन् सकाळपासून एक बी बाई जाऊन नाही राह्यली. बसलं का समोर बाबू हसते! तुमी भले मानूस आहा, बाबू, पन आत नोका येऊ.”

मागे शेडमध्ये चाळीस सुपं थांबली होती. मग सुगतबाबूंना हसू फुटलं. चार महिन्यांचं, पोट हलवणारं, कोणत्याही पट्ट्यानं न मोजलेलं हसू. त्यांनी खळीची वाटी मागवली, फोटो कोपऱ्यापासून हलक्या नखानं सोडवला, आणि स्वतःच्या हातानं दाराच्या बाहेरच्या अंगाला लावला.

अजून आहे तो तिथं. उन्हानं थोडा पिवळा पडलाय. बायांकडे पाठ, जगाकडे तोंड, राखणदारानं उभं राहावं तसा.